सगळ्यांसाठी एकच बेक डिश

आमच्या घरात अन्याय दर रविवारी रात्री साडेआठला वाढला जायचा. काचेच्या चौकोनी भांड्यातून, वर चीजचा तपकिरी पापुद्रा धरलेला, वाफाळता. या गोष्टीला आता तीन वर्षं झाली आणि माझं मत तसूभरही बदललेलं नाही. अन्याय कुणी हौसेने करत नव्हतं, हे मान्य. पण पाण्यासाठी, बससाठी पत्रकं वाटणाऱ्या आमच्या गटात मला लिहायला शिकवलं ते असं: आधी आरोप, मग पुरावा, शेवटी मागणी. हौस होती की नव्हती हे विचारत बसलात तर पत्रकाची पाठपोट दोन्ही पानं संपतात आणि मागणीला जागाच उरत नाही.

तर पुरावा.

आम्ही दादरच्या दोन खोल्यांतून वाशीला राहायला आलो तेव्हा मी शाळेत होते. सेक्टरमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आजूबाजूला निम्मे प्लॉट रिकामे, गुडघाभर गवत, आणि बस तासातून कधी एक, कधी नाही. आईला मात्र जन्मात पहिल्यांदा स्वतंत्र ओटा मिळाला होता. त्यावर काय करू आणि काय नको असं तिला झालं. महिला मंडळात एका बाईंनी बेकिंगचे वर्ग घेतले, तेव्हा आई सगळ्या दुपारी नेमाने गेली आणि शेवटी एक गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन घेऊनच घरी आली. झाकणाला काचेची खिडकी असलेला. त्या खिडकीतून आत बघायला आमच्या बिल्डिंगमधली निम्मी मंडळी येऊन गेली.

तिची बेक डिश म्हणजे फ्लॉवर, फरसबी, गाजर, मटार वाफवून घ्यायचे. लोण्यावर मैदा परतायचा, त्यात सायीसकट दूध ओतून व्हाइट सॉस करायचा. भाज्या त्यात घालून वर डब्यातलं चीज भरपूर किसायचं. लोणी घरचं, हात राखून नाही. रविवारी दादा आणि वहिनी ठाण्याहून यायचे ते त्या डिशसाठीच, दादाने हे कधी लपवलं नाही. मधोमध ते भांडं, भोवती आम्ही पाच जण. आठवड्यात बाकी कधी आम्ही पाच जण एका टेबलाशी बसत नव्हतो. बाबांची ऑफिसची बस, माझ्या सभा, दादाचं तिकडचं बिऱ्हाड. रविवार रात्र तेवढी होती.

मग एका संध्याकाळी बाबांच्या छातीत दुखलं. फोर्टात, बसच्या रांगेत. ऑफिसातल्या लोकांनी त्यांना हॉस्पिटलात नेलं. दहा दिवस राहून ते घरी आले, सोबत गोळ्या आणि पथ्याचा कागद. लोणी, तूप, साय, चीज, खोबरं, तळण, अंड्यातलं पिवळं. सगळ्यांपुढे एकच शब्द: बंद. मीठही कमी. कागद डॉक्टरांनी बाबांच्या हातात दिलाच नाही. आईच्या हातात दिला आणि म्हणाले, "आता सगळं तुमच्यावर आहे." काय बंद ते सांगायला त्यांना अर्धं पान पुरलं. मग करायचं काय, यावर एक ओळ नाही. हे मी तिथल्या तिथे विचारलं. डॉक्टर म्हणाले, साधं जेवण द्या. आई मला कोपराने ढोसत होती, म्हणून तेवढ्यावर सोडलं.

साधं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, दुधीची भाजी, लोणी काढलेलं ताक. इतर दिवशी आम्हीही जवळपास तेच जेवायचो, त्यामुळे काही जाणवायचं नाही. रविवारी जाणवायचं. सात वाजता बाबांचं ताट वेगळं मांडलं जाई. ते एकटे बसून, पेपर पुढ्यात धरून जेवत. आणि ओव्हनमधून चीजचा वास सुटायला लागला की चपला घालून म्हणत, "जरा पाय मोकळे करून येतो." पाय मोकळे करायला ते कुठेही जात नसत. सोसायटीच्या पंपरूमशेजारी सिमेंटचा बाक आहे, त्यावर बसून राहत. आमच्या खिडकीतून त्यांचं डोकं दिसायचं. आम्ही चौघं जेवायचो, भांडं घासायला पडायचं, मग आई गॅलरीत जाऊन खाकरायची आणि ते वर यायचे.

तिसऱ्या रविवारी मी विचारलं, "हे असंच चालायचं का?"

"त्यांच्या समोर कसं खायचं गं?" आई म्हणाली. "म्हणून तेच जातात. समजूतदार आहेत."

"समजूतदार माणसाला पंपरूमपाशी बसवतात का?"

"मग काय, सगळ्यांनी दुधी खायचा?" दादा म्हणाला. तोंडात घास होता.

"हो. नाहीतर सगळ्यांनी बेक डिश खायची. एका घरात दोन जेवणं चालणार नाहीत."

"घोषणा चांगली आहे," दादा म्हणाला. "वहिनीला दे, ती मागनं म्हणेल."

वहिनी हसली. मीही हसले असते, पण खिडकीतून डोकं दिसत होतं.

मागणी ठरली: बेक डिश एकच, पाचही जणांसाठी, पथ्याच्या कागदात बसणारी. पुढचा रविवार मी आईकडून मागून घेतला. आईने विचारलं, तुला येते का? मी म्हटलं, त्यात काय आहे, लोणी काढायचं, साय काढायची, चीज काढायचं, उरलेलं बेक करायचं. आई काही न बोलता ओट्यापासून बाजूला झाली. ती अशी गप्प बाजूला झाली की सावध व्हावं, एवढं मला बावीस वर्षांत कळायला हवं होतं.

मैदा मी कोरडाच भाजला. साय काढलेलं दूध उकळून त्यात मैदा सोडला. ढवळलं. आणि ढवळता ढवळता माझ्या हाताला ते ओळखीचं वाटायला लागलं. तो जडपणा, तो डाव सोडला की भांड्याच्या कडेला चिकटून राहणारा राखाडी थर. आमच्या गटात पोस्टरं चिकटवायची खळ मीच करते. मैदा आणि पाणी, शिजवून. शेकडो वेळा केली आहे. आता तीच मी, फरसबी घालून, घरच्यांना वाढणार होते.

वाढलीच. मागे हटणं माझ्या स्वभावात नाही. बाबांना हात धरून बसवलं. दादाने चमचा उभा करून दाखवला, चमचा उभाच राहिला.

"मोरचूद घातलंस का यात?" त्याने विचारलं. पोस्टर झुरळांनी खाऊ नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, हे मीच कधीतरी त्याला सांगितलं होतं.

"चव वाईट नाहीये हो," वहिनी म्हणाली. मग थोडा विचार करून, "म्हणजे चव नाहीचे."

बाबांनी चार चमचे खाल्ले. पाचवा उचलून परत ठेवला आणि म्हणाले, "पोट भरलं बुवा. छान झालंय." आणि चपला घातल्या. वासाचं कारणसुद्धा नव्हतं त्या दिवशी, तरी गेले.

मला काय झालं कुणास ठाऊक. खरं म्हणजे ठाऊक आहे. माझं फसलं होतं आणि माझं फसलं की मला आरोपी लागतो. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, "हसा. पण बाबांच्या छातीत दुखलं ते आभाळातून पडलं नाही. वर्षानुवर्षं दर रविवारी या घरात लोणी आणि चीज कुणी कुणाच्या ताटात घातलं, याचा एकदा हिशोब मांडा."

दादाचं हसू थांबलं. वहिनी ताटाकडे बघायला लागली. आई स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"म्हणजे मी आजारी पाडलं त्यांना," ती म्हणाली.

"मी असं म्हटलं नाही."

"मग कोण घालत होतं ताटात? शेजारीण?"

तिने तांब्या ठेवला, भांडं घासलं, सकाळी ओव्हन जुन्या चादरीत गुंडाळला आणि स्टुलावर चढून माळ्यावर टाकला. माझ्याशी बोलणं बंद केलं नाही, म्हणजे डबा घेऊन जा, दूधवाल्याला सांग, एवढं बोलायची. त्यापेक्षा अबोला बरा होता.

मी चुकले होते. पत्रकात आरोपी असतो तो दुकानदार, कारखानदार, अधिकारी. तो पत्रक वाचून भांडं घासायला जात नाही. आईने घासलं.

त्यानंतर सहा रविवार बेक डिश झाली नाही. दोन जेवणं संपली, माझी मागणी म्हटलं तर मान्य झाली. सगळे दुधी-भाकरी खात होते. पहिल्या रविवारी दादा-वहिनी आले, दुधी जेवले, लवकरच्या बसने गेले. दुसऱ्या रविवारी वहिनीच्या माहेरी काही होतं. तिसऱ्या रविवारी दादाला बरं नव्हतं. चौथ्या रविवारी कारणसुद्धा आलं नाही. टेबलाशी आता आई, मी आणि बाबा. बाबा टेबलाशी बसत होते, एवढंच, आणि मान खाली घालून जेवत होते, दुसऱ्याच्या घरी जेवल्यासारखे.

सहाव्या रविवारी ते पेपरची घडी घालत मला म्हणाले, "एका माणसाच्या छातीपायी पाच माणसांचा रविवार गेला. आईला म्हणावं, कर परत सुरू. मी बसत जाईन खाली. मला आता सवय झाली आहे."

ते अगदी सहज म्हणाले. त्यात तक्रार असती तर मला चाललं असतं. तक्रारीचं काय करायचं ते मला येतं, ती लिहून काढायची, सायक्लोस्टाइल करायची, वाटायची. सवय झालेल्या माणसाचं काय करायचं? आमच्या वसाहतीत पाणी दिवसाआड येतं, लोक म्हणतात सवय झाली. बस येत नाही, सवय झाली. हे वाक्य मी दारोदार ऐकलेलं होतं आणि ते ऐकलं की काम दुप्पट होतं, हे मला माहीत होतं. आता ते माझ्याच घरात आलं होतं. बाबा परत खाली जाऊन आणखी दोनतीन महिने त्या बाकावर बसले असते तर नंतर बोलावूनही वर आले नसते, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

त्यानंतरच्या शनिवारी मी सभेहून आले तर आई गॅसपाशी उभी होती. बाबांना संध्याकाळी जड नको म्हणून उकड करत होती. तांदळाची पिठी, लोणी काढलेलं ताक, लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता, चमचाभर तेलाची फोडणी.

"जरा ढवळ," ती म्हणाली. "मी कपडे काढून आणते."

मी ढवळायला लागले. उकड घट्ट होत आली होती. डाव एका बाजूने ओढला की पातेल्याचा तळ दिसायचा आणि मग हळूहळू मिटायचा. गुळगुळीत, पांढरी, डावावरून सावकाश घसरणारी. मी पुन्हा ओढलं. पुन्हा तळ दिसला, पुन्हा मिटला. बेकिंगच्या वर्गातून आल्यावर आईने मला हीच खूण शिकवली होती, पण ती उकडीची नव्हती. डाव ओढला की तळ दिसावा आणि लगेच मिटू नये, हळू मिटावा, की समजावं व्हाइट सॉस झाला.

आई कपडे घेऊन आत आली.

"आई, हे काय आहे?"

"उकड. लहानपणापासून खातेस."

"आणि व्हाइट सॉस काय असतो?"

तिने कपडे खुर्चीवर ठेवले.

"मैद्याची उकडच की," मी म्हटलं. "लोणी घातलेली, दुधातली. एवढंच. मैद्याच्या जागी पिठी आणि दुधाच्या जागी ताक, की झालं. यात लोण्याचं कामच नाही."

आईने पुढे होऊन गॅस बारीक केला. डाव माझ्या हातून घेऊन एकदा ओढून बघितला. मला वाटलं आता म्हणेल, पुन्हा खळ करणार का?

"मिरची चालायची नाही त्यात," ती म्हणाली. "आणि ताक ताजं हवं, आंबट घेतलं तर भाज्यांची चव मारेल. पिठी आधी कोरडी भाजायची, हलकी, रंग न बदलता, म्हणजे चिकट होणार नाही. आणि गार ताकात कालवून मग गॅसवर. उकळत्या ताकात टाकलीस तर ताकही फुटेल आणि गुठळ्याही होतील. तू दुधात तेच केलंस."

एवढं सगळं कुणाला एका दमात सुचत नाही.

"तू कधीपासून विचार करते आहेस यावर?"

"तू ती खळ केलीस त्या रात्रीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस का?"

मला जे बोलायचं होतं ते मी तेव्हा बोलले. म्हटलं, "आई, मी त्या दिवशी बोलले ते चुकीचं होतं."

"चुकीचं नव्हतं," आई म्हणाली. "मोठ्यानं होतं." आणि उकड उतरवून ठेवत, "स्टूल आण. ओव्हन काढ खाली."

रविवारी दुपारीच कामाला लागलो. मी हाताखाली, ती पुढे. दुधी तिनेच आत घेतला, म्हणाली, त्याने काय पाप केलंय. किसून, मीठ न लावता नुसता घट्ट पिळला, आणि पिळून निघालेलं पाणी ताकात घातलं. भाज्या कुकरमध्ये जेमतेम वाफवल्या. उकडीत तेल एक चमचा, त्यात ठेचलेला लसूण आणि मिरपूड. वरच्या थरावर मात्र आम्ही अडलो. चीजशिवाय वर काय? चीजने रंग येतो, पापुद्रा येतो, आणि माणूस आधी डोळ्यांनी जेवतो, हे आईचं म्हणणं. शेवटी तिने बिनसायीच्या दुधाचं दही फडक्यात टांगून चक्का केला, त्यात चमचाभर बेसन घोटलं आणि तो पातळ थर वरून सारवल्यासारखा लावला. त्यावर शिळ्या पावाचा चुरा आणि तीळ. दही-बेसन तापलं की लाल होतं, भरली वांगी करताना बघितलं नाहीस का, म्हणाली. मी बघितलं नव्हतं. मी भरली वांगी खाल्ली होती फक्त.

दादाला शेजारच्यांच्या फोनवरून निरोप दिला: बेक डिश आहे. बाकी काही सांगितलं नाही. "लगेच निघतो" असं उत्तर आलं. सात वाजता बाबा टेबलाशी आले तर ताट नव्हतं.

"भाकरी?" त्यांनी विचारलं.

"होतेय," आई म्हणाली. "थोडा उशीर आहे आज."

त्यांनी ओव्हनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चपला घालून खाली गेले.

सव्वासातला आईने काचेच्या खिडकीतून आत बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. खालून उकड बुडबुडत होती, कडा सुटल्या होत्या. वर मात्र दही-बेसन जसं लावलं तसंच, पांढरंफटक. झाकणातली कॉइल गेली होती. माळ्यावर पडून पडून तिचा जीव गेला असावा.

"असंच वाढू," मी म्हटलं. "चव तर तीच असेल ना."

"हे असं पांढरं ताटात पडलं की त्यांना काय वाटेल? पथ्य." आई म्हणाली. "नानकटाईचा पत्रा काढ. गावात भट्टीवर ने."

दिवाळीत आमच्या सेक्टरच्या सगळ्या बायका नानकटाईचे पत्रे भरून वाशी गावातल्या बेकरीत नेतात, तिथल्या भट्टीत भाजून आणतात. बेक डिश कुणी नेलेली नव्हती. काचेचं भांडं भट्टीत टिकलं नसतं, म्हणून आईने सगळं उलथन्याने अलगद पत्र्यावर उतरवलं, वरचा थर पुन्हा सारखा केला, पुन्हा तीळ पेरले. मी पत्रा पंच्यात धरला आणि जिने उतरले.

बाकावरून बाबा उठले. "काय नेतेस?"

"भट्टीवर नेतेय. बेक डिश."

"एकटीला जमायचं नाही. आण, एक बाजू धरतो."

"तुम्हाला वजन उचलायचं नाही सांगितलंय."

"उचलत नाहीये. धरतोय."

चालायला त्यांना सांगितलेलंच होतं, म्हणून मी पुढे वाद घातला नाही. आम्ही दोघं त्या पत्र्याच्या दोन बाजू धरून निघालो. रिकाम्या प्लॉटमधल्या पायवाटेने, नाल्यावरच्या फळीवरून, गावाच्या बाजूला. अंधार पडत होता. घराघरातून टीव्हीवरच्या सिनेमाचे आवाज येत होते, सगळीकडून एकच गाणं.

"यात आहे काय?" बाबांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. उकड, दुधी, चक्का.

"म्हणजे माझ्यासाठी."

"नाही. सगळ्यांसाठी. तुमच्यासाठी वेगळं काही नाही. आज भाकरी केलेलीच नाही."

ते थांबले, म्हणून मलाही थांबावं लागलं. "म्हणजे हे बिघडलं तर मी उपाशी."

"सगळेच उपाशी."

"तुझ्या भावालाही भाकरी नाही?"

"नाही."

बाबा हसले. आजारपणानंतर त्यांचं असं आवाज येणारं हसू मी पहिल्यांदा ऐकलं. मग त्यांनी पाऊल उचललं ते असं की मला त्यांच्या मागून धावावं लागलं.

बेकरीच्या दारात मालकीणबाई बसल्या होत्या, गावातल्याच. नऊवारी नेसलेल्या, केसांत अबोली. पत्र्याकडे बघून म्हणाल्या, "काय गो बाय, दिवाली त लांब हाय अजून. ही कनची नानकटाई?"

"नानकटाई नाही, मावशी. भाजी आहे."

"भाजी? भाजी कोन भाजतं भट्टीन?" त्यांनी आत हाक मारली. "ऐकला का, शेक्टरची लोका आता भाजी घेऊन आली. उद्या भात घेऊन येतील."

"भातही आणू," बाबा म्हणाले. "चांगली झाली तर."

भट्टीवाल्याने संध्याकाळचे पाव नुकतेच काढले होते. लांब दांड्याच्या फळीवर पत्रा घेऊन त्याने आत सरकवला. बाबा भट्टीच्या तोंडाशी वाकून बघत उभे राहिले. मी म्हटलं, धग लागेल, मागे व्हा. ते झाले नाहीत. पाचसात मिनिटांत आधी तिळाचा वास आला, मग लसणाचा, मग दही-बेसन करपण्याच्या अलीकडचा तो खमंग वास. चीजचा नव्हता. पण तो वास आल्यावर बाबा चपला शोधत नव्हते, एवढं मी बघितलं.

पत्रा बाहेर आला तो वरून विटकरी लाल, कडांना काळपट, मध्ये तीळ चमकणारे. मालकीणबाई उठून आल्या. न विचारता एक कोपरा मोडून तोंडात टाकला.

"बरा हाय," त्या म्हणाल्या. "मीठ कमी हाय."

"मीठ कमीच सांगितलंय," बाबांनी मोठ्या गांभीर्याने उत्तर दिलं.

"आन दोन बोंबील टाकलं असतंस त अजून बरा लागला असता."

आम्ही परतलो तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. दादा आणि वहिनी टेबलाशी बसलेले, आई दारातच उभी. पत्रा बाबांनी एकट्याने माझ्या हातून घेतला आणि नेऊन मधोमध ठेवला. आईने पत्र्याचा रंग बघितला आणि पदराने कपाळ पुसलं. बाबांनी खुर्ची ओढली आणि बसले. मी मुद्दाम खिडकीकडे पाठ करून बसले. त्या बाजूला बघण्यासारखं आता काही नव्हतं.

दादाने पहिला घास घेतला. दुसरा घेतला. त्याने ताट पुढे केलं, आईने वाढलं. त्याने ते संपवलं आणि पुन्हा पुढे केलं.

"चीज बदललंस का गं?" त्याने आईला विचारलं.

आई वहिनीला वाढत होती. "का रे?"

"वेगळं लागतंय. चांगलं आहे."

"मलाही वाटलं, आई," वहिनी म्हणाली. "हलकं लागतंय. लोणी कमी घातलंत ना तुम्ही?"

"कमी?" आई म्हणाली. "नाहीच घातलं. चीजही नाही. सायही नाही."

दादाचा चमचा थांबला. त्याने ताटात निरखून बघितलं. "मग हे पांढरं काय आहे?"

"उकड."

इथे सांगायला हवं की उकड या पदार्थाचा दादाला लहानपणापासून तिटकारा. उकड केली की तो आजारी पडायचा, निदान तसं सांगायचा. तिसरं वाढप अर्धं खाऊन झालेला तो माणूस आईकडे, मग माझ्याकडे, मग चमच्याकडे बघत होता.

"तुम्ही मला उकड खायला घातलीत."

"तीनदा," मी म्हटलं. पत्रकात शेवटी मागणी मान्य झाल्याची ओळ लिहायला मला आजवर फार वेळा मिळालेलं नाही. ती मी पुरेपूर चवीने म्हटली.

"आणि दुधीही आहे," आई म्हणाली. "असू दे आता, पोटात गेलाय तो."

वहिनी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने कृती विचारली. आई सांगायला लागली: पिठी आधी कोरडी भाजायची, ताक गार. मी मध्ये तोंड घातलं तर म्हणाली, "तू थांब. तू खळीपुरती बरी." ती हे माझ्याकडे बघून, सरळ तोंडावर म्हणाली, आणि त्या दीड महिन्यात पहिल्यांदा मला बरं वाटलं. मग तिने स्वतःसाठी ताट घेतलं आणि बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. एरवी ती सगळ्यांचं होईपर्यंत उभी असायची.

बाबा जेवत होते. मान वर होती. पेपर नव्हता. त्यांनी ताट स्वच्छ केलं आणि आईपुढे धरलं. आईने वाढलं. पत्र्यावर आता एकच तुकडा राहिला होता, कडेचा, चांगला खरपूस झालेला. दादा एवढा वेळ उकडीचा धक्का पचवत होता, तरी त्याचा हात तिकडे सरकलाच.

"ए," बाबा म्हणाले. "मी इतके दिवस खाली बसलोय. हात काढ."

दादाने हात काढला.